फॅक्टरी नावाचा तुरुंग: ऑस्ट्रेलियातल्या कैदी बायकांची गोष्ट

सिडनीच्या पश्चिमेचं पॅरामॅटा आता कितीतरी मराठी घरांत ओळखीचं झालं आहे. कुणाचा मुलगा तिथं नोकरीला आहे, कुणाची भाची वेस्टमीडच्या हॉस्पिटलात काम करते. शेजारच्या हॅरिस पार्कात तर आपल्याकडचं काय हवं ते मिळतं. या वेस्टमीडकडून नदीकाठानं पॅरामॅटाकडे चालत निघालं की वाळूच्या दगडांतल्या जुन्या इमारती लागतात. ही ‘पॅरामॅटा फिमेल फॅक्टरी’ची जागा. २०१७ साली ऑस्ट्रेलियानं या परिसराचा राष्ट्रीय वारशाच्या यादीत समावेश केला. टास्मानियातल्या होबार्ट गावात हिची धाकटी बहीण आहे, ‘कॅस्केड्स फिमेल फॅक्टरी’. तिला तर २०१० पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान आहे.

नाव वाचून पहिल्यांदा वाटतं की बायका कामाला जायच्या अशी एखादी कापडगिरणी असेल. तसं असतं तर भिंती एवढ्या उंच कशाला बांधल्या असत्या? आणि आतल्या बायकांचे केस कातरायची शिक्षा कशाला दिली असती? ही फॅक्टरी काय होती ते समजून घ्यायला थोडं मागं जावं लागतं.

या बायका तिथं पोचल्या कशा?

इंग्रज सरकार काही गुन्ह्यांसाठी माणसाला देशाबाहेर, समुद्रापार पाठवून देत असे. आपण ज्याला ‘काळं पाणी’ म्हणतो, तीच ही शिक्षा. या लेखात तिला हद्दपारी म्हणू. आधी हे कैदी अमेरिकेतल्या वसाहतींत जात. १७७५ मध्ये तिथं लढाई पेटली, १७७६ मध्ये अमेरिकेनं स्वातंत्र्य जाहीर केलं आणि ती वाट बंद झाली. इंग्लंडचे तुरुंग भरून वाहू लागले, नदीत नांगरलेल्या मोडक्या जहाजांतही कैदी कोंबले गेले. शेवटी नजर ऑस्ट्रेलियावर पडली. जानेवारी १७८८ मध्ये कैद्यांचा पहिला ताफा तिथं पोचला. शेवटचं जहाज १८६८ मध्ये पोचलं. या ऐंशी वर्षांत सुमारे १,६२,००० माणसं पाठवली गेली आणि त्यांत सुमारे २५,००० बायका होत्या.

त्यांनी केलं काय होतं? बहुतेकींनी चोरी केली होती, आणि तीही किरकोळ. मालकिणीचा झगा, चांदीचा चमचा, दुकानातलं कापड, कुणाच्या खिशातलं घड्याळ. इंग्लंडमध्ये तेव्हा मालमत्तेचे कायदे फार कडक होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस राहत्या घरातून चाळीस शिलिंगांचा माल चोरला तर फाशी होऊ शकत असे. त्या मानानं हद्दपारी ही दयेची शिक्षा समजली जाई. बहुतेकींना ७ वर्षं मिळत, काहींना १० किंवा १४, काहींना जन्मठेप. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचं पीक बुडून दुष्काळ पडला, त्यानंतर तिथूनही पुष्कळ बायका आल्या.

सात वर्षं म्हणजे सात वर्षांनी परत, असं मात्र नव्हतं. शिक्षा संपली तरी परतीचं भाडं सरकार देत नसे. चार महिन्यांच्या जहाजप्रवासाचे पैसे मोलकरणीनं कुठून आणावेत? त्यामुळे कागदावर सात वर्षांची असलेली शिक्षा बहुतेकींच्या आयुष्यात कायमची ठरली. मागं राहिलेली आई, नवरा, लेकरं पुन्हा दिसली नाहीत.

‘फॅक्टरी’ म्हणजे वखार नव्हे

इतिहासाच्या पुस्तकात आपण सुरतेची वखार, राजापूरची वखार वाचलेली असते. इंग्रज तिला ‘फॅक्टरी’च म्हणत. तिथं माल साठवायचा, व्यापार करायचा, उत्पादन काही नाही. ऑस्ट्रेलियातली फॅक्टरी वेगळी. ‘मॅन्युफॅक्टरी’ म्हणजे माल तयार करायचा कारखाना, त्या शब्दाचं हे तोडकं रूप.

सुरुवात खरोखरच मागांपासून झाली. १८०४ मध्ये पॅरामॅटाच्या तुरुंगावर एक मजला चढवला आणि तिथं कैदी बायका लोकर आणि जवसाचे तंतू कातायला, विणायला बसल्या. इथं तयार झालेलं जाडंभरडं कापड ‘पॅरामॅटा कापड’ या नावानं ओळखलं जाऊ लागलं. कारखाना झाला, पण बायकांनी झोपायचं कुठं याचा विचार कुणी केलाच नाही. थोड्याजणी लोकरीच्या ढिगावर, मागांच्या मधे झोपत. बाकीच्यांना दिवस संपला की गावात जागा शोधावी लागे. तिचं भाडं आठवड्याला चार शिलिंगांच्या घरात. हातात पगार नसलेल्या बाईनं ते कसं द्यायचं? काम संपल्यावर वेगळी मजुरी करून, किंवा एखाद्या पुरुषाच्या आसऱ्याला जाऊन. आणि ती आसऱ्याला गेली की तिथले पाद्री तिला पतित ठरवत. या बायकांची जी बदनामी पुढं शंभर-दीडशे वर्षं चालली, तिची एक मुळी या न बांधलेल्या खोल्यांत आहे असं मला वाटतं.

गव्हर्नर मॅक्वारीनं मग नवी इमारत बांधायला घेतली. तिचा आराखडा फ्रान्सिस ग्रीनवे या वास्तुविशारदाचा. तो स्वतः बनावट कागदपत्र केल्याबद्दल हद्दपार होऊन आलेला कैदी. १८२१ मध्ये तीन मजली इमारत उघडली. सोय साधारण ३०० जणींची होती. होबार्टची कॅस्केड्स फॅक्टरी १८२८ च्या डिसेंबरात सुरू झाली, एका बंद पडलेल्या दारूच्या भट्टीत. यांखेरीज रॉस, लॉन्सेस्टन, जॉर्ज टाउन, मोरेटन बे अशा ठिकाणी मिळून डझनभर फॅक्टऱ्या झाल्या.

एसटीचा डेपो डोळ्यांसमोर आणा

फॅक्टरी समजायला मला एसटीच्या डेपोची उपमा सर्वांत जवळची वाटते. गाडीचं खरं काम रस्त्यावर असतं. डेपोत ती येते ती पहिल्या फेरीची वाट बघायला, बिघडली की दुरुस्तीला, नाहीतर कुठल्याच मार्गावर घेत नाहीत म्हणून पडून राहायला.

कैदी बायकांचं ‘रस्त्यावरचं काम’ म्हणजे गोऱ्या वसाहतवाल्यांच्या घरी मोलकरीण म्हणून राबणं. या पद्धतीला असाइनमेंट म्हणत. आपल्याकडचा शब्द वापरायचा तर ही वेठ होती. मालकानं अन्न, कपडे आणि निवारा द्यायचा, सरकारनं बाई द्यायची. मालक कोण असावा हे ठरवणं तिच्या हातात नव्हतं. सोडून जाणं हा गुन्हा. उलट बोलणं हा गुन्हा. दारू पिणं, रात्री उशिरा येणं हाही गुन्हा. मालकानं दंडाधिकाऱ्याकडे तक्रार केली की बाई पुन्हा फॅक्टरीत.

जहाजातून उतरलेली आणि अजून घर न मिळालेली बाई फॅक्टरीत असे. शिक्षा भोगायला परत आलेली असे. आजारी, म्हातारी, कुणाला नको असलेली असे. आणि गरोदर राहिलेलीही तिथंच येई. म्हणजे एकाच आवारात तुरुंग होता, कारखाना होता, मोलकरणी पुरवणारी कचेरी होती, दवाखाना होता आणि बाळंतिणीची खोली होती.

आणखी एक काम होतं. पॅरामॅटाची फॅक्टरी लग्नंही जुळवत असे. ज्या पुरुषाला बायको हवी, त्यानं परवानगीची चिठ्ठी घेऊन यायचं. चांगल्या वर्तनाच्या बायका रांगेत उभ्या केल्या जात. तो बघत जाई, एखादीशी दोन शब्द बोले, ती हो म्हणाली तर लग्न. आपल्याकडच्या बघण्याच्या कार्यक्रमात मुलीच्या पाठीशी निदान घर असतं. इथं हो म्हटलं तर दार उघडणार आणि नाही म्हटलं तर पुन्हा आत, एवढीच निवड होती. तरी कित्येकींनी नकार दिला, हे मला फार मोठं वाटतं.

आता एका जागेवर इतकी कामं लादली की ती एकमेकांच्या अंगावर येणारच. शिक्षा म्हणून जागा कठोर हवी, पण बाळंतिणीसाठी तीच जागा ऊबदार हवी. मोलकरणी पुरवायच्या म्हणून बायका लवकर बाहेर जायला हव्यात, पण कारखाना चालायचा तर शिकलेले हात आत राहायला हवेत. या ओढाताणीत बळी कुणाचा गेला ते पुढं येईलच.

पिवळं अक्षर, कातरलेले केस

आतल्या बायकांचे तीन वर्ग केलेले होते. पहिल्या वर्गात नव्यानं आलेल्या किंवा चांगल्या वागणाऱ्या, यांना घरकामाला पाठवता येई. दुसऱ्या वर्गात किरकोळ चुका केलेल्या. तिसरा वर्ग गुन्हेगारांचा. कॅस्केड्सच्या १८२९ च्या नियमांत यांचे कपडेसुद्धा ठरवून दिलेले आहेत. पहिल्या वर्गाच्या कपड्यांवर खूण नाही. दुसऱ्या वर्गाच्या जाकिटाच्या डाव्या बाहीवर मोठं पिवळं इंग्रजी ‘सी’ अक्षर. तिसऱ्या वर्गाला तीच अक्षरं तीन ठिकाणी: पाठीच्या मधोमध, उजव्या बाहीवर आणि परकराच्या मागच्या बाजूला. कुठूनही बघा, बाई कोणत्या वर्गातली ते कळलंच पाहिजे.

कामही वर्गाप्रमाणे. शिवण, कताई, विणकाम, स्वयंपाक. तिसऱ्या वर्गाच्या वाट्याला धुणं, म्हणजे होबार्टच्या थंडीत गार पाण्यात सगळ्या संस्थांचे कपडे धुवायचे. दुसरं एक काम होतं जहाजांचे जुने, डांबर लागलेले दोरखंड हातानं उसवून त्याचे तंतू सुटे करायचं. हे तंतू जहाजाच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायला लागत. ‘काथ्याकूट’ हा शब्द आपण आज निरर्थक वादासाठी वापरतो, पण अंदमानच्या कोठडीत सावरकरांना आणि इतर कैद्यांना नारळाचा काथ्या खरोखर कुटावा लागला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. दोरखंड उसवणं हे त्याचंच भावंड. सोलवटलेली बोटं दोन्हीकडे सारखीच.

इंग्लंडनं १८२० मध्ये बायकांना फटके मारण्याची शिक्षा कायद्यानं बंद केली. मग उरलं काय? अंधारकोठडी, फक्त पाव आणि पाणी, आणि केस कातरणं. यातली शेवटची शिक्षा बायकांना सर्वांत जिव्हारी लागे. केशवपनाची चाल ज्या समाजात होती, त्या समाजाला हे वेगळं समजावून सांगायला नको. केस गेले की बाईला ती कोण आहे याची आठवण रोज आरशाविनाही होते, आणि बाहेर पडली तरी लोकांना ती कुठून आली ते कळतं. केस कातरण्यावरून फॅक्टऱ्यांत बायकांनी एकजुटीनं विरोध केला.

त्या गप्प बसल्या का?

नाही. २७ ऑक्टोबर १८२७ ला पॅरामॅटात पाव आणि साखरेचं रेशन कापलं गेलं. आधीच पोट भरत नव्हतं. बायकांनी दरवाजा फोडला आणि त्या गावात घुसल्या. दुकानांतून पाव, मांस जे मिळेल ते पदरात, म्हणजे ॲप्रनमध्ये, घेतलं. शेवटी संगिनी लावलेले सैनिक बोलवावे लागले. तेव्हाच्या वर्तमानपत्रातल्या बातमीनुसार म्होरक्यांना पकडायला गेल्यावर बाकीच्या आडव्या आल्या. त्यांचं म्हणणं, एकीला शिक्षा तर सगळ्यांना शिक्षा. ऑस्ट्रेलियात आज या घटनेकडे बायकांच्या पहिल्या कामगार लढ्यांपैकी एक म्हणून बघतात.

कॅस्केड्समध्ये १८४० च्या आसपास ‘फ्लॅश मॉब’ नावाची टोळी होती. आज या नावाचा अर्थ निराळा झाला आहे, पण तेव्हा ‘फ्लॅश’ म्हणजे गुन्हेगारी जगाची ऐटबाज बोली आणि राहणी. या बायका झगमगीत रुमाल बांधत, रात्री गाणी-नाच करत, बाहेरून तंबाखू आणि दारू आत आणवत. आयर्लंडमधल्या लिमरिकची एलन स्कॉट ही त्यांच्यातली एक पुढारी.

हे सगळं अधिकाऱ्यांच्या कागदांतून कळतं, आणि ते कागद बायकांच्या बाजूचे नव्हते. म्हणून रॉसच्या उत्खननाला मोल आहे. १९९० च्या दशकात पुरातत्त्वज्ञांनी तिथं खणलं. एकांतकोठडीच्या मातीच्या जमिनीत, जिथं कैद्याकडे काहीही असायला नको, तिथं मातीच्या चिलमींचे तुकडे, बाटल्यांच्या काचा, बटणं सापडली. अंधारात बसवलेल्या बाईपर्यंत कुणीतरी तंबाखू पोचवत होतं. बटणं ही बहुधा आतल्या देवघेवीतलं चलन असावीत. एवढंसं बटण, पण त्यातून आत चालणारा एक अख्खा बाजार आणि एकमेकींवरचा भरवसा दिसतो.

सरकारची खरी अडचण अशी होती की काही बायकांना मालकाच्या घरापेक्षा फॅक्टरी बरी वाटे. मारकुटा मालक, अंगचटीला येणारा त्याचा मुलगा, दिवसभराची मरमर आणि बोलायला एकही माणूस नाही, यापेक्षा आपल्यासारख्या बायकांत राहिलेलं बरं. म्हणून त्या मुद्दाम चूक करून परत येत. यावर सरकारला सुचलेला उपाय म्हणजे फॅक्टरी आणखी कठोर करणं. मालकाच्या घरात काय चाललंय ते बघावं, हे फार थोड्यांना सुचलं.

मूल झालं तर?

हा भाग लिहायला जड जातो, पण तो टाळला तर बाकीचं सगळं सांगण्यात अर्थ नाही.

घरकामाला दिलेली, लग्न न झालेली बाई गरोदर राहिली की तो तिचा गुन्हा. मालक असो, मालकाचा नोकर असो की तिच्या मनातला माणूस, बापाला काही शिक्षा नव्हती. तिला मात्र फॅक्टरीत परत यावं लागे. बाळंतपण तिथं. मग काही महिने बाळाला अंगावर पाजायचं. त्यानंतर बाळाचं दूध तोडायचं, त्याला बालकखोलीत ठेवायचं आणि आईनं सहा महिने तिसऱ्या वर्गात शिक्षा भोगायची, ती पिवळी अक्षरं लावून. शिक्षा संपली की तिला पुन्हा कुणाच्या तरी घरी पाठवायचं. बाळ मागं. ते जगलं तर दोन-तीन वर्षांचं झाल्यावर होबार्टजवळच्या न्यू टाउनच्या अनाथशाळेत जायचं. आई जिवंत असताना.

‘जगलं तर’ असं लिहिलं ते उगाच नव्हे. कॅस्केड्सची जागा एका अरुंद दरीत, ओढ्याकाठी, वेलिंग्टन डोंगराच्या पायथ्याशी. ओल कायमची, ऊन जेमतेम. गर्दी एवढी की बाळांना अंग हलवायला जागा नाही. आईचं दूध अचानक तोडलेलं, वरचं अन्न निकृष्ट, पाणी घाण. हगवण आणि छातीचे विकार पसरले की बाळं एकामागून एक जात. १८३८ मध्ये एका बाळाच्या मृत्यूची चौकशी झाली, वर्तमानपत्रांत ओरड झाली, तेव्हा बालकखोली गावातल्या लिव्हरपूल रस्त्यावरच्या घरात हलवली गेली. पुढं ती आणखी एक-दोन ठिकाणी फिरली आणि १८५० मध्ये पुन्हा कॅस्केड्सच्या आवारात आली. टास्मानियात या कैदी बालकखोल्यांमध्ये मिळून हजाराहून अधिक मुलं दगावली.

कुणी मुद्दाम मारली का? तसं नाही. मला तर ते जास्तच भयंकर वाटतं. आई म्हणजे कामाचे दोन हात, ते हात लवकरात लवकर परत कामाला लागले पाहिजेत, हा हिशोब सरळ मांडला की बाळ त्यात शिल्लक राहत नाही. फॅक्टरीचे अधीक्षक जॉन हचिन्सन आणि त्यांची पत्नी, मेट्रन मेरी, आवारातच राहत. त्यांचीही कितीतरी लेकरं लहानपणीच गेली. तरी नियम फारसे बदलले नाहीत.

“पण त्या वेश्याच होत्या, असं वाचलंय”

असं खूप ठिकाणी लिहिलेलं आहे आणि ते चूक आहे. वेश्याव्यवसाय हा हद्दपारीचा गुन्हाच नव्हता. काहीजणी आधी तो व्यवसाय करत असतील, पण शिक्षा झाली ती चोरीची.

मग समज पसरला कसा? सॅम्युअल मार्सडन या पाद्र्यानं १८०६ मध्ये वसाहतीतल्या बायकांची यादी केली. १,४३० बायकांपैकी ३९५ विवाहित आणि १,०३५ ‘रखेल’ अशी ती वाटणी. आकडे धक्कादायक आहेत, पण वाटणी कशी केली ते बघा. मार्सडननं लग्न मानलं ते फक्त इंग्लंडच्या चर्चमध्ये लागलेलं. कॅथलिक पद्धतीनं लग्न केलेली आयरिश बाई रखेल. ज्यू रखेल. वर्षानुवर्षं एकाच पुरुषाबरोबर संसार करून पोरं वाढवणारीही रखेल. उद्या कुणी फक्त नोंदणी कचेरीतली लग्नं खरी धरून महाराष्ट्राची खानेसुमारी केली, तर आपल्या किती आज्या त्यात कुठं बसतील? ही यादी लंडनपर्यंत पोचली आणि तिनं दोन पिढ्यांचं मत बनवलं.

“काहींचं तर भलंच झालं ना?”

झालं, आणि ते लपवायचं कारण नाही. मेरी रीबी तेरा वर्षांची असताना मुलाच्या वेषात घोडा चोरताना पकडली गेली, १७९२ मध्ये सिडनीला आली, पुढं जहाजं आणि गोदामं चालवणारी मोठी व्यापारी झाली. ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर तिचा चेहरा आहे. अगदी साध्या आयुष्यातही, शिक्षा संपवून, लग्न करून, चार एकर जमिनीवर पोरं मोठी करणाऱ्या बायका पुष्कळ होत्या. इंग्लंडच्या गल्लीत त्यांना जे मिळालं नसतं ते इथं मिळालं, हे खरं.

पण मेरी आली तेव्हा फॅक्टरी नव्हती. आणि ज्यांचं भलं झालं ते फॅक्टरीतून सुटल्यावर झालं, फॅक्टरीमुळे झालं असं म्हणायला आधार दिसत नाही.

शिवाय ती जमीन कुणाची होती हेही बोललं पाहिजे. पॅरामॅटा हा धारुग भाषिक बुरामट्टागल लोकांचा मुलूख, गावाचं नावच त्यांच्यावरून आलं. होबार्टची दरी मुविनिना लोकांची. या कैदी बायका स्वतः वेठीवर असूनही, त्या लोकांना हुसकून लावणाऱ्या वसाहतीची चूलही त्यांनीच पेटती ठेवली. आणि ज्या अनाथशाळेत कैदी बायकांची मुलं जात, तिथंच मथिना नावाची आदिवासी मुलगी ठेवली गेली. गव्हर्नर फ्रँकलिन दांपत्यानं तिला हौसेनं घरी वाढवलं आणि १८४३ मध्ये देश सोडून जाताना मागं टाकलं.

याच लेडी जेन फ्रँकलिननी १८४१ मध्ये तुरुंगसुधारक एलिझाबेथ फ्रायना कॅस्केड्सच्या वाईट अवस्थेबद्दल पत्र लिहिलं होतं. त्याच वर्षी ‘राजा’ नावाच्या जहाजातून १८० कैदी बायका होबार्टला उतरल्या. फ्रायच्या मंडळानं त्यांना कापडाचे तुकडे, सुया, दोरा दिला होता. वाटेत त्यांनी २,८१५ तुकडे जोडून एक गोधडी शिवली आणि लेडी फ्रँकलिनना भेट दिली. ती आज कॅनबेऱ्याच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. आपल्याकडे जुन्या लुगड्यांच्या गोधडीत घरातल्या बायकांची आठवण असते. इथं एकमेकींना न ओळखणाऱ्या बायकांचे टाके शेजारी शेजारी आहेत. कुणाचा कुठला हे कळत नाही, पण काही नीट आहेत, काही शिकाऊ, आणि काही ठिकाणी सुई टोचल्याच्या रक्ताचे डाग आहेत असंही म्हणतात.

पद्धत संपली, भिंती राहिल्या

न्यू साउथ वेल्समध्ये कैदी आणणं १८४० मध्ये थांबलं. घरकामाला देणं बंद होत गेलं तसा डेपोतून बाहेरचा रस्ताच बंद झाला. ३०० जणींसाठी बांधलेल्या पॅरामॅटात १८४२ मध्ये १,२०० च्या आसपास बायका होत्या, शिवाय मुलं. टास्मानियात त्याच दशकात नवा प्रयोग झाला: नव्यानं आलेल्या बायकांना आधी सहा महिने ‘ॲन्सन’ नावाच्या नांगरलेल्या जहाजावर ठेवायचं, मग कामाला पाठवायचं. तिथली हद्दपारी १८५३ मध्ये संपली आणि कॅस्केड्स १८५६ मध्ये साधा तुरुंग झाला.

पॅरामॅटाचं पुढं वेड्यांचं इस्पितळ झालं. त्याला लागून १८४४ मध्ये उभ्या राहिलेल्या कॅथलिक अनाथशाळेत पुढं मुलींची सुधारशाळा आली. ‘वाया गेलेल्या’ किंवा ‘वाया जाण्याचा धोका असलेल्या’ मुलींना तिथं डांबलं जाई. ती १९७४ पर्यंत चालली. तिथं वाढलेल्या बायका आज आजी झाल्या आहेत. २०१४ मध्ये बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय आयोगापुढं त्यांनी साक्ष दिली. फॅक्टरीची जागा वारसा म्हणून राखावी यासाठी झटणाऱ्यांत त्याही आहेत. हा इतिहास दोनशे वर्षांपूर्वी संपला असं त्यांच्यासमोर कुणी म्हणू शकणार नाही.

तोच साचा आपल्याकडेही आला. १८५७ च्या उठावानंतर, १८५८ मध्ये इंग्रजांनी पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत केली. सेल्युलर जेल त्यानंतर कितीतरी वर्षांनी बांधलं गेलं, तरी अंदमान म्हटलं की आपल्याला तेच आठवतं. पण तिथं साउथ पॉइंटला बायकांचा तुरुंग होता. हिंदुस्थानातून पाठवलेल्या कैदी बायका तिथं राबत, आणि काही वर्षं झाल्यावर, स्वतःच्या पायावर उभं राहायची परवानगी मिळालेल्या कैदी पुरुषांशी त्यांची लग्नं लावली जात. त्यासाठी पुरुष तुरुंगात बघायला येत. पॅरामॅटाच्या अंगणातली रांग बंगालच्या उपसागरात पोचली होती. अंदमानात स्वतःला ‘लोकल बॉर्न’ म्हणवणारा जो समाज आहे, त्यातल्या अनेकांच्या पणज्या अशा रांगेतून आल्या.

बघायचं काय उरलंय?

पॅरामॅटाची ग्रीनवेची तीन मजली इमारत एकोणिसाव्या शतकातच पाडली गेली. इतर काही इमारती आणि भिंती शिल्लक आहेत. कागद मात्र भरपूर आहेत. टास्मानियाच्या नोंदवह्यांत प्रत्येक बाईची उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरचं गोंदण, गाव, आणि मग एकेक गुन्हा तारखेसह: उद्धट बोलली, रात्रभर बाहेर राहिली, गरोदर आढळली. ऑस्ट्रेलियातलं हे कैदी-दप्तर २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत गेलं. एकेकाळी तिकडच्या घरांतून असे पूर्वज लपवले जात, आता लोक संगणकावर पणजीचं नाव शोधत बसतात.

होबार्टला गेलात तर कॅस्केड्सच्या चौथ्या आवारात जाऊन या. मेट्रनचं घर अजून उभं आहे, बालकखोलीच्या जागी मोकळी जमीन आहे. सोबत एक जाड स्वेटर न्या. डोंगर एवढा जवळ आहे की हिवाळ्यात भर दुपारीच आवारावरचं ऊन निघून जातं.